ओलं आहे खरं

मला कुत्रं नको होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर आश्चर्य वाटायला नको. कुत्रं हवं होतं नवऱ्याला, आणि तेही स्वतःसाठी नाही, माझ्या बाबांसाठी.

आई गेल्यावर बाबांना आम्ही अमरावतीहून इकडे कॅनडात केंब्रिजला घेऊन आलो. जन्मभर शाळेत हेडमास्तरकी केलेला माणूस. मैदानाच्या या टोकाला उभं राहून हाक मारली की त्या टोकाची पोरं जागच्या जागी थांबायची. इथे आल्यावर तो आवाजच बसला. सकाळी आंघोळ करून वंदना म्हणायचे, पंचशील म्हणायचे, तेवढंच काय ते बोलणं. मग दिवसभर हॉलच्या खिडकीशी खुर्ची. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात, नवरा गाड्यांच्या प्लांटमध्ये शिफ्टला, मुलगी दुसऱ्या गावी युनिव्हर्सिटीत. संध्याकाळी येऊन विचारलं, "बाबा, काय केलं दिवसभर?" की उत्तर ठरलेलं, "बसलो होतो." बस्स. इतक्या बोलक्या माणसाचं असं झालं की घरात पाऊल टाकायचीच भीती वाटायला लागते.

डिसेंबरात एका दुपारी नवरा प्लांटमधून आला तो जॅकेटची चेन अर्धी उघडी टाकून. त्यातून दोन कान बाहेर आलेले. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाच्या तरी बहिणीचं फार्म होतं, तिथली कुत्री व्यायली होती.

"परत देऊन ये," मी म्हटलं. बूटसुद्धा काढू दिले नाहीत मी त्याला. "या थंडीत? कोण बाहेर काढणार याला? तू? तू तर मोज्यांची जोडी स्वतः शोधत नाहीस!"

सरळ जाऊन ते पिल्लू त्याने बाबांच्या मांडीवर ठेवलं. बाबा दचकले. पिल्लाने त्यांच्या स्वेटरच्या खिशात तोंड घातलं. बाबांनी त्याला मानेला धरून वर उचललं, तोंडासमोर आणलं आणि म्हणाले, "काय रे, कोणत्या वर्गातला तू? अन् दप्तर कुठंय?"

दोन शब्दांपेक्षा मोठं वाक्य. किती महिन्यांनी ऐकलं होतं मी! झालं. मग मी काय बोलणार?

तरीही मी माझं एक म्हणणं सोडलं नाही. बर्फ वितळेपर्यंत बघायचं. तोवर बाहेर जाऊन शी-शू करायला शिकलं तर राहील, नाही शिकलं तर परत फार्मवर. फार्मवाली बाई घ्यायला तयार होती. आणि तोवर नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माणूस गुंततो. आम्ही त्याला पिल्लूच म्हणत राहिलो.

आता कॅनडाच्या हिवाळ्यात पिल्लाला बाहेर काढायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पिल्लू दारापाशी गोल गोल फिरायला लागलं की तुमच्या हातात क्षणभराचा वेळ असतो. आणि तुम्हाला घालायचे असतात बूट, जॅकेट, टोपी, हातमोजे. मी बूट चढवेपर्यंत ह्याचं काम झालेलं. मग मी बूट घालूनच स्वयंपाक करायला लागले. ऑफिसचे कॉल घरून घेताना अंगात जॅकेट. मॅनेजर विचारायची, घरात हीटिंग बंद पडलंय का. तिला काय सांगणार, कपाळ!

बरं, बाहेर नेलं तरी हे महाराज करतील तर शपथ. मागच्या यार्डात नवऱ्याने फावड्याने बर्फ उपसून चटईएवढी जागा मोकळी केली होती, तिथे हिरवळीचा एक वाळका तुकडा दिसायचा. पिल्लाचं पोट बर्फाला टेकायचं. एक पाय वर, मग दुसरा वर, मग माझ्याकडे बघून कुईं कुईं. वारा असा की डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठावं. मी उभी. ते उभं. आत आणलं की गालिच्यावर, माझ्या डोळ्यांदेखत, निवांत.

मी बोलायचे त्याला. आमच्या घरात माझ्याच तोंडाला लगाम नाही. "लाज नाही वाटत? एवढं बाहेर नेलं, हात गळून पडायची वेळ आली, आणि घरात येऊन घाण? कुणी पुसायचं हे? मी काय जन्मभर तुमचं पुसतच राहू?" मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "मॉम, ही इज जस्ट अ बेबी!" मी म्हणायचे, बेबी होतीस तेव्हा तुझंही मीच पुसलंय, तू गप्प बस.

युक्ती सांगितली ती बाबांनी. म्हणाले, "अगं, तुला कशी शिकवली होती तुझ्या आईनं? उचलून धरायची अन् तोंडानं आवाज काढायची, शूऽऽ करून. तू लगेच करायचीस. याला तसंच कर नं."

मला हसू आलं, पण थकलेला माणूस काय वाट्टेल ते करून बघतो. दुसऱ्या दिवसापासून मी यार्डात उभी राहून, शेजारच्या गोऱ्या आजोबांनी ऐकलं तरी बेहत्तर, शूऽऽ करायला लागले. आणि काय सांगू, पिल्लू चक्क करायला लागलं! आवाज काढला की बसलं. केलं की बाबांनी दिलेला बिस्किटाचा तुकडा. आठवड्याभरात गडी तयार. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

मग एका रविवारी मी डाळभाताचा कुकर लावला. शिट्टी व्हायच्या आधी कुकर कसा फुसफुसतो, शूऽऽ करून? पिल्लू हॉलमधून धावत आलं, ओट्यासमोर अदबीनं बसलं आणि मोठं तळं केलं. वर माझ्याकडे बघून शेपूट हलवत राहिलं, की आता बिस्किट दे.

नवरा पोट धरून हसला. बाबाही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी मात्र तिथेच जमिनीवर बसले. एका हातात डाव, दुसऱ्या हातात पेपर टॉवेलचा रोल. मला रडू की हसू तेच कळेना.

कुकर बंद झाला आमच्या घरात. डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, राजमा तर विसराच. ऑफिसातून दमून यायचं आणि डाळ कधी शिजते म्हणून ताटकळत बसायचं. पण मी केलं तेही. म्हटलं, एवढ्याने हे शिकणार असेल तर शिकू दे बापडं.

आणि ओट्यासमोरचं थांबलं. गालिच्यावरचंही थांबलं. पण जानेवारी अर्धा सरला तशी नवीन जागा सुरू झाली. हॉलमधून मागच्या वॉशरूमकडे जाणारा जो बोळ आहे, तिथे. मी संध्याकाळी घरी यावं तर लाकडी फरशीवर ओल. कधी पुसूनसुद्धा कडेला राहिलेली, कधी नुसता वास. व्हिनेगर झालं, दुकानातला महागडा स्प्रे झाला. बोळाच्या तोंडाशी खुर्ची आडवी लावली, तर ती बाबांनी सरकवून ठेवलेली. "मला जायला लागतं नं," म्हणाले. तेही खरंच.

मी बूट काढता काढताच विचारायचे, "बाबा, आज पुन्हा केलं का याने?"

बाबा बोळाकडे बघायचे. म्हणायचे, "ओलं आहे खरं."

मग माझा पट्टा सुरू. पिल्लाला मानेला धरून त्या जागेपाशी न्यायचे, बोट दाखवायचे. "हे काय? हे काय आहे? एवढं शिकवलं त्याचं हे फळ? मोठा झालास ना आता? कळत नाही तुला?" पिल्लू कान पाडून बसायचं. आणि माझं बोलून झालं, मी आत वळले, की बाबा स्वेटरच्या खिशातून मारी बिस्किट काढून हळूच त्याच्या पुढ्यात धरायचे. माझ्या पाठीला डोळे आहेत. मी ओरडायचे, "बाबा, नका लाडावू त्याला! घाण केल्यावर बिस्किट दिलं तर तो शिकणार कसा?" बाबा म्हणायचे, "असू दे. बोलणी खाल्ली नं त्यानं."

तेवढ्या दिवसांत एकच गोष्ट मनासारखी झाली होती. बाबांनी माझ्याकडून वॉशिंग मशीन चालवायला शिकून घेतलं. "माझे कपडे मी धुतो, तुझ्यामागे आधीच कामं," म्हणाले. मी नवऱ्याला टोमणा मारला, बघ, ऐंशीला टेकलेला माणूस शिकला, तुला अजून सॉफ्टनर कुठे घालायचं माहीत नाही.

फेब्रुवारीत थंडीने कहर केला. गाडीचं दार उघडेना. मीठ टाकून टाकून ड्राइव्हवे पांढरा पडला आणि त्या मिठाने पिल्लाचे पाय चिरले. बाबांना मी बाहेर जाऊ देतच नव्हते, घसरले तर हाडांचा भुगा. घरातही त्यांना आतून थर्मल, त्यावर त्यांचा नेहमीचा नाडीचा पायजमा, त्यावर जाड ट्रॅकपँट, वर दोन स्वेटर आणि कानटोपी. ते म्हणायचे, "अगं, घर गरम आहे." मी म्हणायचे, "बाबा, तुम्हाला इथली थंडी माहीत नाही. काढायचं नाही एकही." माझ्यापुढे कुणाचं चालतं?

आणि एका शुक्रवारी मी मोडले. दिवसभर ऑफिस, येताना हायवेवर गाडी सरकली, कशीबशी घरात आले आणि बोळात मोजा ओला झाला. थंडगार. मी बॅग तिथेच टाकली. ओरडलेसुद्धा नाही. फार्मवालीला फोन केला आणि सांगितलं, उद्या सकाळी आणून देते.

बाबांनी ऐकलं. जेवताना घास तसाच हातात धरून म्हणाले, "थंडी जाईपर्यंत थांबली असतीस तर."

"बाबा, माझ्यात आता जीव उरलेला नाही."

"त्याचं काही चुकत नाही गं."

"मग कुणाचं चुकतंय? माझं?"

त्यांनी तोंड उघडलं. मी बघत होते. मग त्यांनी घास ताटात ठेवला आणि उठून गेले. मी मनात म्हटलं, होतील दोन दिवस नाराज. पण मला पक्कं ठाऊक होतं की ते दोन दिवसांचं नव्हतं. पिल्लू गेलं की पुन्हा ती खिडकी, पुन्हा ते "बसलो होतो". ठाऊक असूनही मी ऐकलं नाही. दमलेल्या माणसाला दयामाया नसते हेच खरं.

शनिवारी सकाळी वारा सुटलेला, बर्फ आडवा पडत होता. नवरा ओव्हरटाइमला गेला होता, तिथून फोन करून म्हणाला, आज नको जाऊस. मला कुणी नको म्हटलं की मी हमखास जाते. पिल्लाला टॉवेलात गुंडाळलं. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी टिश्यूत बांधलेली बिस्किटं माझ्या हातात दिली. "गाडीत दे. त्याला सवय आहे." पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. बघितलंसुद्धा नाही त्याच्याकडे.

गावाबाहेर पडले आणि समोरचं दिसेना. वायपर नुसते इकडून तिकडे. फार्मकडे वळायचा रस्ता पोलिसांनी आडवी गाडी लावून बंद केला होता. मी चडफडत, देव न मानणाऱ्या घरातली असून सगळ्या देवांच्या नावाने बोटं मोडत, गोगलगायीच्या वेगाने परत आले. पिल्लू सगळा वेळ शेजारच्या सीटवर शहाण्यासारखं बसून होतं.

दारापाशी आले. एका काखेत पिल्लू, हातमोज्यातून किल्ली सापडेना. आमच्या दाराशेजारी उभी अरुंद काच आहे, तिच्यातून थेट बोळ दिसतो. मी सहज आत पाहिलं.

बाबा गुडघ्यावर बसून फरशी पुसत होते.

एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातात पेपर टॉवेलचा बोळा. कानटोपीमुळे त्यांना गाडीचा आवाज गेला नव्हता. ट्रॅकपँट खाली ओढलेली, पायजमा मांडीपासून काळपट ओला, आणि नाडी गाठ न सुटता तशीच लोंबत होती. पुसून झाल्यावर ते भिंतीला धरून कसेबसे उठले. उठल्यावर हात आपोआप स्वेटरच्या खिशात गेला. बिस्किट बाहेर आलं. त्यांनी पिल्लाच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं आणि ते बिस्किट हातात धरून तसेच उभे राहिले.

पिल्लू माझ्या काखेत होतं.

मी मागे सरकले. काचेपासून दूर, गॅरेजच्या बाजूला. मला एकेक आठवायला लागलं. ओल नेहमी वॉशरूमच्या वाटेवरच. खुर्ची का सरकवली. मशीन का शिकले. तीन तीन कपडे मी चढवलेले, आत नाडी, आणि वयाने आखडलेली त्यांची बोटं. ज्या माणसाने मला अक्षर शिकवलं त्याच्यासमोर उभी राहून मी रोज ओरडत होते, लाज नाही वाटत, मोठा झालास ना, कळत नाही तुला. आणि ते ऐकत होते. रोज सकाळी खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणणाऱ्या त्या माणसाने एकदाही म्हटलं नव्हतं की कुत्र्याने केलं. ओलं आहे खरं, एवढंच.

मला रडू कोसळलं. मोठ्याने. त्या वाऱ्यात कोण ऐकतंय!

पिल्लू चुळबुळ करायला लागलं म्हणून त्याला खाली ठेवलं. नाक पुसत पुसत मी सवयीने शूऽऽ केलं. त्याने पोटापर्यंतच्या बर्फात बसून लगेच केलं आणि माझ्याकडे पाहिलं. कधीचं शिकलं होतं ते.

आत कपडे बदलून होतील इतका वेळ मी तिथेच उभी राहिले. बोटं बधिर झाली तरी. मग दाराची बेल दाबली, दोनदा, आणि ओरडले, "बाबा! किल्ली सापडत नाहीये! सावकाश या, घाई नको!"

दार उघडलं तेव्हा पायजमा दुसरा होता आणि घरात व्हिनेगरचा वास. पिल्लाने उडी मारली ती थेट त्यांच्या पायांवर.

"रस्ता बंद आहे," मी म्हटलं.

"मग उद्या?"

"उद्या नाही न् परवा नाही. बर्फ वितळेपर्यंत ठरलंय ना आपलं? अजून कुठे वितळलाय? आणि वितळला तरी माझ्याने आता एवढं ड्रायव्हिंग होणार नाही."

त्यांनी खिशातून बिस्किट काढून पिल्लाला दिलं. आज मी त्यांना अडवलं नाही.

रविवारी मी त्यांच्यासाठी कमरेला इलॅस्टिक असलेल्या सैल पँटी घेऊन आले. म्हटलं, नाड्या मशीनमध्ये अडकतात, मशीन बिघडेल. खोटं. पंचशील मीही घेतलंय, पण हे मला चालतं. थर्मलही बंद केलं, म्हटलं हीटिंगचं बिल भरतोय तर त्याचा उपयोग होऊ दे. फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, वर्षाचं चेकअप म्हणून. आणि घरी असले की ठराविक वेळाने मोठ्याने हाक मारते, "चला, पिल्लूची वेळ झाली!" मी बूट चढवते, पिल्लू दाराकडे धावतं, आणि बाबा खुर्चीतून उठत म्हणतात, "मीही जाऊन येतो तोवर."

पिल्लाचं नाव ठेवलंय आता. बाबांनी ठेवलं, हजेरीपटातल्या कुणा वांड पोराचं. ते घरातल्या घरात राहू दे.

मार्चमध्ये, छपरावरून पाणी ठिबकायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी घरात आले. बोळात चकाकत होतं. कडेला बाबा भिंतीला टेकून उभे. पिल्लू टेबलाखाली गाढ झोपलेलं, घोरत.

मी काहीच विचारलं नाही. तरी बाबा म्हणाले, "ओलं आहे खरं."

मी जॅकेट न काढता पेपर टॉवेल आणला, खाली बसले, पुसलं. मग टेबलाखाली वाकून पिल्लाला उठवलं. बाबांपुढे हात केला. त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी खिशातून बिस्किट काढून माझ्या तळहातावर ठेवलं, आणि ते मी पिल्लाला दिलं.

बाबांनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सवय सुटेल गं," ते म्हणाले, "हळूहळू."

"घाई नाही, बाबा," मी म्हटलं.